काटे काढलेला निवडुंग

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांकडे मी दर रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला जाते. पर्समध्ये भुवया कोरायचा चिमटा असतो. मागच्या गणपतीनंतर होळीपर्यंत हा चिमटा मी त्यांच्यापासून लपवून नेत होते. का, ते लिहायला बसलेय. लिहिताना स्वतःला वाचवायचं नाही असं ठरवलंय, पण जमेलच असं नाही. स्वतःला वाचवण्यात माझा हात चांगला बसलेला आहे.

काका नात्यातले नाहीत. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. काकांनी सगळी नोकरी आरेच्या दूध वसाहतीत केली, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहिले, आणि रिटायर झाल्यावर काकूंना आणि साठेक कुंड्यांना घेऊन इथे आले. सगळ्या कुंड्यांत निवडुंग. खिडकीचं ग्रिल, गच्चीचा कठडा, जिन्याचा कोपरा, जिथे बघावं तिथे काटे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यावरून दोनदा खडाजंगी झाली आणि दोन्ही वेळा मी काकांच्या बाजूने भांडले. झाडांचं मला तेव्हा काही पडलेलं नव्हतं. मला भांडायला आवडतं, बस. काकांना मात्र वाटलं मी झाडांसाठी भांडले. त्यांनी बोलावून चहा दिला, एक छोटी कुंडी हातात ठेवली, आणि हळूहळू मी खरंच त्या नादाला लागले.

मग काकांना काचबिंदू निघाला. कडेकडेने दिसेनासं होत गेलं. एका रविवारी गेले तर त्यांनी काटेरी झाडं वाटायला काढली होती. ठेवली फक्त बिनकाट्याची. निवडुंग म्हटलं की लोकांना काटेच आठवतात, पण खांबासारख्या उभ्या वाढणाऱ्या निवडुंगांत काही असे निघतात की त्यांना काटा येतच नाही. "आता हाताने बघायचंय ना," काका म्हणाले, "मग ज्यांना हात लावता येईल तीच ठेवायची." उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला ते 'बघायचं बोट' म्हणायचे. गोळ्यांचं पाकीट, गॅसचं बटण, शर्टाची उलटी बाजू, सगळं त्या बोटाने ओळखायचे.

त्यातलं एक झाड त्यांचं खास होतं. दोडक्याला असतात तशा सहा उभ्या शिरा, रंग जरा निळसर, आणि जिथे काटा यायला हवा तिथे फक्त लोकरीचा बारीक ठिपका. लहान बाळाच्या गालावरून फिरवावा तसा त्याच्यावरून हात फिरवता यायचा. आरेत शेजारच्या क्वार्टरच्या अंगणात ते होतं. पुढे ते क्वार्टर पडलं, अंगण गेलं, काकांनी वेळेवर आणलेली फांदी तेवढी उरली. तिच्यापासून केलेली रोपं त्यांनी तीन जणांना दिली आणि तिघांनीही लाडाने पाणी घालून घालून मारली. नर्सरीत हे मिळत नाही. याला फूल आलेलं काकांनी कधी पाहिलं नाही, म्हणजे बीही नाही. वाढवायचं तर कापूनच. "माझ्या माहितीत हे एवढं एकच राहिलंय," काका म्हणायचे, आणि बोट वर शेंड्यापर्यंत नेऊन आज किती वाढलं ते बघायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये ते बुडाशी कुजायला लागलं. त्याच आठवड्यात काकांना डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नाशिकला मुलाकडे जायचं होतं, पुढे दोन-तीन महिने तिथेच. त्यांनी मला बोलावलं, स्पिरिटने पुसलेली सुरी माझ्या हातात दिली आणि बोटाने जागा दाखवली. मी कापलं. काप आतून स्वच्छ पांढरा निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडून तीन चकत्या काढून घेतल्या. उरला वीतभर शेंडा. तो त्यांनी पेपरवर आडवा ठेवला.

"हे तुझ्याकडे. तीन आठवडे वाऱ्यावर, सावलीत, उघडं ठेवायचं. कापाला खपली धरली पाहिजे, टणक. मग विटेच्या चुऱ्यावर नुसतं उभं करायचं. पाणी नाही. जीव कासावीस झाला तरी पाणी नाही."

"माहितीये हो काका."

"त्या तिघांनाही माहीत होतं," काका म्हणाले. "चौथी तू."

मला राग आला होता. त्या तिघांच्या रांगेत मला का बसवता, असं वाटलं. मी तो शेंडा छातीशी धरून जिना चढले आणि ठरवलं, असं रोप करून दाखवते की बोलायची सोय राहणार नाही.

पहिले चार दिवस सगळं बरोबर होतं. मग पावसाने जी झड लावली, घरात मीठ पाझरायला लागलं, टॉवेल वाळेनात. शेंड्याचा काप मला ओलसर वाटायला लागला. वाऱ्यावर ठेव म्हणाले होते, पण वाराच ओला, तर काय करणार? आणि तेव्हा माझ्या डोक्यात ती आयडिया आली. मोबाइल भिजला की तांदळात ठेवतात ना, तसं. आमच्याकडे गावाहून आलेला उकड्या तांदळाचा मोठा स्टीलचा डबा असतो. आई वर्षभराचा तांदूळ तिथूनच मागवते, इथला तिच्या घशाखाली उतरत नाही. त्या डब्यात मी शेंडा मधोमध पुरला, वरून तांदूळ सारखा केला आणि झाकण घट्ट लावलं. आईला सांगितलं, रोजचा तांदूळ छोट्या डब्यातून घे, या मोठ्याला हात लावू नकोस. काकांना फोनवर सांगितलं नाही. म्हटलं, आल्यावर ही युक्ती सांगू, खूश होतील.

खरं सांगते, त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते.

बारा दिवसांनी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली. झाकण काढून ती उभी होती आणि घरभर आंबूस वास सुटला होता. तांदूळ गोळा होऊन बसला होता, मधे काळं पाणी. मी हात घालून शेंडा उपसला. खालचा भाग हातात आला तो लगदाच. बंद डब्यात त्याला घाम फुटला होता, आणि फुटणारच, हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं.

आई शांतपणे म्हणाली, "गो, वरचां बरां दिसता. सुरान कुजला तर कुजको भाग कापून लावतत ना, तसां कर."

"तुला काय कळतं त्यातलं?" मी तिच्यावर ओरडले. अशी ओरडले की शेजारचं दार उघडलं. मला ते समोरून नाहीसं व्हायला हवं होतं, बस. तांदूळ, लगदा, शेंडा, सगळं मी एका काळ्या पिशवीत भरलं, गाठ मारली आणि खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकलं. दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि घेऊन गेली. आमचा कचरा कांजूरमार्गला जातो. वारा फिरला की वास परत आमच्याकडेच येतो, आणि त्या पावसाळ्यात तो मला रोज आला.

त्या संध्याकाळी काकांचा फोन होता. "कसं आहे?"

"मस्त, काका."

"खपली धरली?"

"टणक एकदम."

हे मी विचार करून बोलले नाही. तोंडातून निघून गेलं. पण एकदा निघालं की पुढचं खोटं तयारच असतं, त्याला वेगळी मेहनत लागत नाही. ऑगस्टमध्ये मी त्यांना मुळं आल्याचंही सांगितलं. ऑपरेशन झालं होतं आणि फारसा उपयोग झाला नव्हता, उजेड आणि सावली एवढंच राहिलं होतं. फोनवर ते त्याबद्दल बोलायचे नाहीत. शेंड्याबद्दलच विचारायचे. काकूंनी एकदा हळूच सांगितलं, "तुझा फोन झाला की जेवतात नीट." आता सांगा, त्यानंतर मी काय बोलणार होते?

गणपती झाले की ते परत येणार होते. त्याआधीच्या रविवारी मी पवईवरून बस धरून आरेच्या रस्त्यावर नर्सऱ्या पालथ्या घातल्या. एका ठिकाणी तसाच सहा शिरांचा, निळसर, वीत-दीड वीत उंचीचा खांब मिळाला. साधा, कुठेही मिळतो तो. फक्त त्याला काटे होते. परत येताना बसमध्ये मांडीवर ती कुंडी घेऊन मी जंगलातून चालले होते आणि बाहेर बघवत नव्हतं. काकांचं मूळ झाड इथलंच.

घरी येऊन पेपर पसरला आणि चिमटा घेऊन बसले. एकेका ठिपक्यात पाच-सहा काटे. मुळापासून धरून सरळ ओढावा लागतो, नाहीतर मोडून टोक आत राहतं. काटा निघाला की रसाचा थेंब वर येतो. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, मी आपली काटे उपटतेय. बोटांची चाळण झाली होती. आई येऊन बाजूला बसली.

"कोंबो सोलतंस काय गो?"

कोंबडाच सोलत असल्यासारखा मी पुढचा काटा ओढला. मग ती म्हणाली, "त्यांका सांगून टाक. माणूस चांगलो आसा." मी तिला आत जाऊन सीरियल बघायला सांगितलं. या सगळ्यात आई माझ्याशी जितक्या वेळा बोलली तितक्या वेळा बरोबर बोलली, आणि तितक्या वेळा मी तिला गप्प केलं.

काका आले. मी कुंडी त्यांच्या खिडकीत ठेवली. ते खुर्ची ओढून बसले आणि बोट बुडापासून वर न्यायला लागले. एक शीर, दुसरी शीर, ठिपके, शेंडा.

"शिरा जरा धारदार झाल्यात गं."

"तीन महिने पाणी नव्हतं ना. आटलंय."

काका हसले. "बरोबर. म्हणजे खरंच पाणी घातलं नाहीस." मग काकूंना हाक मारून म्हणाले, "बघ, हिने केलं. तिघांना जमलं नाही ते हिने केलं." काकूंनी माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. मी तो खाल्ला. का खाल्ला माहीत नाही, पण अख्खा खाल्ला.

एक गोष्ट मला माहीत होती. उपटलेल्या जागी काटा शक्यतो परत येत नाही, पण निवडुंग शेंड्यातून वाढतो आणि नवीन वाढीला नवीन काटे येतात. काका तर रोज सकाळी उठल्यावर पहिलं बोट शेंड्यावरच ठेवायचे. म्हणून मी दर रविवारी जायला लागले. दहाला काका अंघोळीला जायचे, काकू चहा टाकायच्या, आणि मी खिडकीशी उभी राहून, पाण्याचा आवाज ऐकत, आठवड्याभरात डोकं वर काढलेले कोवळे काटे उपटायचे. कोवळा काटा मऊ असतो, बोटाला केसासारखा लागतो, म्हणून मधल्या सहा दिवसांत निभावून जायचं. काटे कागदात गुंडाळून पर्समध्ये. बाथरूमची कडी वाजली की मी सोफ्यावर.

"किती माया आहे पोरीची," काकू शेजारणींना सांगायच्या. "एक रविवार चुकवत नाही."

होळी झाली आणि मला कांजिण्या झाल्या. चाळीशी उलटल्यावर कांजिण्या, म्हणजे ऑफिसात सगळ्यांना हसायला विषय. मला हसू येत नव्हतं. काकांना साखर आहे, वय झालेलं, त्यांच्या दारात मी उभीही राहू शकत नव्हते. तीन रविवार गेले. बाहेर ऊन वाढत होतं, आणि उन्हात निवडुंग सपाट्याने वाढतो. मी तापात पडून खिडकीतल्या त्या शेंड्याचाच विचार करत होते. एक फोन करून "काका, शेंड्याला हात लावू नका" एवढं म्हणता आलं असतं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. मी फोन केला नाही.

चौथ्या रविवारी गेले तर काकांच्या बघायच्या बोटाला हे एवढं बँडेज. काटा आत मोडला होता, पू झाला, डॉक्टरांनी चिरून काढला, आणि साखरेमुळे जखम भरत नव्हती. काकांनी पाण्याचा पेला धरायला हात पुढे केला आणि पेला आडवा झाला. काकू फडकं घेऊन आल्या. दुपारी त्या काकांना भात कालवून चमच्याने भरवतात, असं त्यांनी मला आत स्वयंपाकघरात सांगितलं. "चिडतात रे बाबा," म्हणाल्या. "डोळे गेले तेव्हा चिडले नव्हते इतके चिडतात."

बाहेर आले तर काका मला समजवायला लागले. मलाच. "तू घाबरू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. बिनकाट्याचं झाड कधी कधी मूळपदावर जातं, काटे धरतं. वाचलं होतं मी, पाहिलं पहिल्यांदा. खालचा भाग अजून गुळगुळीत आहे ना? मग वरचं काटेरी कापून टाक. खालून फुटवे येतील ते परत बिनकाट्याचे येतील. बोट बरं झालं की मी रोज बघत जाईन."

आणि त्यांनी सुरी पुढे केली. स्पिरिटने पुसून ठेवलेली. माझ्यासाठी तयार करून ठेवलेली.

मी ती घेतली. खालचा भाग गुळगुळीत होता कारण त्यातले काटे मी उपटलेले होते. तिथून येणारा प्रत्येक फुटवा काटे घेऊनच येणार होता, आणि काका रोज सकाळी बोटाने तो शोधणार होते. म्हटलं तर तेव्हाही मी कापून घरी जाऊ शकले असते. मी दोन मिनिटं तोच विचार करत उभी होते, हे इथे लिहून ठेवते.

"काका, हे ते झाड नाहीये."

सगळं सांगितलं. डबा, आरेची नर्सरी, चिमटा, रविवार. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. माझं संपल्यावर काका म्हणाले, "तांदळात?"

"मोबाइल भिजला की ठेवतात ना, तसं."

काकूंना हसू फुटलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. काका हसले नाहीत. "झाकण लावून?"

"हो."

"आणि फोनवर मला सांगायचीस टणक आहे म्हणून."

"हो."

त्यांनी बँडेज केलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं. मग म्हणाले, "एक सांग. कुजणं खालून वर चढतं. डबा उघडलास तेव्हा वरची चार बोटं जरी टणक असती ना, तर मी नाशिकहून फोनवर तुझ्याकडून कापून घेतलं असतं. चार बोटांचंही झाड होतं. वर काही हिरवं होतं का?"

मला आई आठवली, डब्याशी उभी. वरचां बरां दिसता.

"नाही काका," मी म्हणाले. "सगळं गेलं होतं. पाणी पाणी झालं होतं."

काकांनी मान हलवली. चेहरा जरा सैल झाला. "मग तुझा काय दोष," म्हणाले. "मग राहिलंच नव्हतं काही."

आता मी चिमटा लपवत नाही. बोट भरलं, पण त्याच्या टोकाला जाड कातडी आलीये, त्यातून पूर्वीसारखं कळत नाही असं काका म्हणतात. झाड त्यांनी ठेवलंय. मी दार वाजवलं की आतून आवाज देतात, "आला गं न्हावी आमचा," आणि मी खिडकीशी बसून, त्यांच्यासमोर, काटे काढते. ते गप्पा मारतात. मला वाटतं त्यांनी मला माफ केलंय, आणि तेच मला सहन होत नाही, कारण जे माफ केलं ते झालेलंच नव्हतं.

काकू रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवतात. हे कागद मी काकूंच्या हातात देणार आहे. दोन रविवार पर्समध्ये चिमट्याशेजारी नेले आणि परत आणले. आईने विचारलं, "दिलंस?" मी मान हलवून नाही म्हटलं. ओरडले नाही, एवढी सुधारणा.

तर काकू, तुम्ही इथपर्यंत वाचत आला असाल तर थांबू नका, पुढचंही मोठ्याने वाचा. काका, वरची चार बोटं हिरवी होती.